समुद्राला खत कोण घालते?

शेताला नत्र कुठून मिळते हे महाराष्ट्रात कुणाला शिकवावे लागत नाही. युरियाची गोणी, शेणखत, फार तर हरभऱ्याचा बेवड. समुद्रात गोणी फोडणारे कुणी नाही. किनाऱ्यालगत नद्या गाळाबरोबर थोडे नत्र आणून टाकतात. पण किनारा सोडून दोनशे मैल आत गेले, की पृष्ठभागाच्या पाण्यातले नायट्रेट वर्षातले बरेच महिने जवळपास संपलेले असते. तरीही तिथले वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशी वनस्पती, रोज वाढतात, रोज खाल्ल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच असतात. मग खत येते कुठून?

उत्तराचा मोठा भाग असा, की जे खातात तेच खत घालतात. खाणाऱ्यांत जिवाणू आले, एकपेशी प्राणी आले, आणि आले ते डोळ्यांना दिसणारे पण सहसा लक्षात न येणारे छोटे कवचधारी: कॉपेपॉड, मायसिड, क्रिल. पहिल्या दोघांचा वाटा बहुतेक ठिकाणी मोठा आहे, ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर आपल्याच प्राण्याला राजा ठरवल्याचा आरोप येईल. हे पुस्तक मात्र तिसऱ्या गटाचे आहे. हे जीव नत्र किती टाकतात, ते टाकण्यामागे शरीरातले कोणते यंत्र चालते, आणि यंत्र मोजून टाकलेल्या नत्राचा अंदाज बांधता येतो का, एवढाच त्याचा विषय.

या जिवांची ओळख करून द्यायला हवी, कारण त्यांना मराठीत धड नावे नाहीत. कॉपेपॉड तांदळाच्या दाण्याहून लहान. डोक्याशी दोन लांब मिशा, आणि बहुतेकांना कल्ले नाहीतच, श्वास अंगावरूनच. मायसिड सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा आणि काचेसारखा पारदर्शक. काळ्या डोळ्यांची जोडी तेवढी पाण्यात फिरताना दिसते. त्याची खूण शेपटीत असते: तिथे तोल सांभाळणाऱ्या, गोल खड्याच्या दोन पिशव्या असतात आणि भिंगाखाली त्या दोन थेंबांसारख्या चमकतात. मादी पिल्लांना पोटाखालच्या पिशवीत वाढवते. आपल्याकडे ओळखीचे नाव एकच, जवळा. गोव्यात गालमो. तो मायसिड नव्हे, कोळंबीच्या जवळचा असेटिस, पण आकार आणि राहणी पाहता या मंडळींचा शेजारी. जुन्या सुक्या जवळ्याला जो वास येतो त्यात अमोनियाही असतो, पण तो मेल्यावर जिवाणूंनी केलेला. आपला विषय जिवंतपणी सुटणाऱ्या अमोनियाचा.

जिवंतपणी तो का सुटतो? प्रथिन खाल्ले की त्यातल्या अमिनो आम्लांचा काही भाग अंग बांधायला जातो आणि उरलेला इंधन म्हणून जाळला जातो. जाळण्याआधी त्यावरचा नत्राचा गट काढावा लागतो. काढलेले नत्र अमोनियाच्या रूपात असते आणि अमोनिया विषारी. माणसाचे यकृत ऊर्जा खर्चून त्याचा युरिया करते. ते चक्र क्रेब्ज आणि हेन्सेलाइट यांनी 1932 मध्ये उलगडले. पक्षी आणि सरपटणारे प्राणी पाणी वाचवायला यूरिक आम्ल करतात. पालीच्या लेंडीचे पांढरे टोक म्हणजे तेच. समुद्रातल्या इवल्या कवचधाऱ्याला यातले काही करायची गरज नाही. भोवती अमर्याद पाणी, अंग लहान आणि आकाराच्या मानाने पृष्ठभाग मोठा. अमोनिया तसाच बाहेर सोडला की काम झाले. समुद्राच्या पाण्यात त्यातला बहुतांश भाग अमोनियम आयन होऊन राहतो, आणि वनस्पतिप्लवक तो नायट्रेटच्याही आधी उचलतात, कारण नायट्रेट वापरण्यापूर्वी त्याचे अमोनियम करावे लागते आणि त्याला ऊर्जा लागते.

शरीराच्या आत हे काम कसे चालते? निरनिराळ्या अमिनो आम्लांवरचे नत्र आधी एकाच्या खांद्यावर गोळा होते, त्याचे नाव ग्लुटामेट. ही हस्तांतराची क्रिया ब्राउनस्टाइन आणि क्रिट्समान यांनी 1937 मध्ये दाखवली. मग ग्लुटामेट डिहायड्रोजनेज नावाचे विकर ग्लुटामेटवरून ते नत्र उतरवते. एका बाजूला अमोनियम सुटते, आणि दुसऱ्या बाजूला उरलेला सांगाडा क्रेब्जच्याच नावाच्या दुसऱ्या, ऊर्जेच्या चक्रात जाऊन जळतो. विकर म्हणजे एन्झाइम. या पुस्तकात दोन्ही शब्द येतील. या लांबलचक नावाचे आपण जीडीएच करून टाकू. अमोनियाकडे जाणारा हा एकच रस्ता नाही, प्युरीनमार्गे जाणारी आडवाट आहे. तरी सर्वाधिक वाहतूक या नाक्यावरून होते असे मानून बरेच काम झाले आहे.

आता इतिहास, पण थोडक्यात, कारण पुढे तो हवा तिथे सविस्तर आला आहे.

प्राण्यांच्या विष्ठा-मूत्रातून समुद्राचे खत फिरते ही कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. रेडफिल्डने 1934 मध्ये प्लवकांच्या अंगातले आणि खोल पाण्यातले नत्र-स्फुरदाचे प्रमाण जुळते हे दाखवले, तेव्हापासून हिशेबाला पाया मिळाला. इंग्लंडमध्ये प्लिमथला हार्वे, स्कॉटलंडमध्ये मिलपोर्टला शीना मार्शल आणि अँड्र्यू ऑर या कामात होते. मार्शल आणि ऑर यांनी कॅलॅनस या एकाच कॉपेपॉडवर आयुष्य घातले आणि 1955 मध्ये त्यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. साखरदाण्याएवढ्या प्राण्यावर असे पुस्तक होऊ शकते, याचा मला आजही हेवा वाटतो. अमेरिकेत लाँग आयलंड साउंडच्या नत्रचक्रावर 1959 मध्ये हॅरिसने लेखन केले. प्राणिप्लवकांनी, म्हणजे तरंगत्या छोट्या प्राण्यांनी, सोडलेले अमोनियम तिथल्या वनस्पतिप्लवकांच्या गरजेचा मोठा भाग भागवत असावे, हे त्यात आकड्यांनिशी आले. प्लिमथच्या कॉर्नर आणि सहकाऱ्यांनी पुढे कॅलॅनसने किती खाल्ले, किती अंगी लागले आणि किती टाकले याचा ताळेबंद मांडला. साउदॅम्प्टनला रेमंट आणि मंडळी मायसिडच्या रसायनाकडे वळली होती.

वळण आले ते 1967 मध्ये. डगडेल आणि गोरिंग यांनी जड नत्राचा, म्हणजे नत्र-15 चा, माग काढून समुद्रातली वाढ दोन खात्यांत विभागली. खालून वर आलेल्या नायट्रेटवर होणारी वाढ ती नवी. वरच फिरत्या अमोनियमवर होणारी वाढ ती पुनरुत्पादित. बँकेच्या भाषेत, पहिली बाहेरून आलेली ठेव, दुसरी गावातल्या गावात फिरणारी रक्कम. एप्ली आणि पीटरसन यांनी 1979 मध्ये दाखवून दिले की तळाकडे बुडून जाणाऱ्या कर्बाचा हिशेब नव्या वाढीशी बांधलेला आहे. म्हणजे अमोनियम कोण किती सोडते, हा प्रश्न प्राणिशास्त्राच्या कोपऱ्यातून उठून हवामानाच्या दारात येऊन बसला.

मोजायचे कसे, यावरून घराणी झाली.

पहिले घराणे बाटलीचे. प्राणी पकडा, गाळलेल्या समुद्रपाण्याच्या बाटलीत ठेवा, काही तासांनी पाण्यातले अमोनियम मोजा, प्राणी नसलेल्या बाटलीतले वजा करा. मोजायला फेनॉल आणि हायपोक्लोराइट घालायचे, की पाणी निळे होते. जितका गडद निळा तितके अमोनियम. मूळ रंगक्रिया बर्तलोची, 1859 ची. समुद्रपाण्यासाठीची घडी लुसिया सोलोर्सानोने 1969 मध्ये बसवली आणि जगभरच्या जहाजांवर ती चालली. पद्धत साधी, पण तिचे दुखणे असे की अमोनिया सगळीकडे आहे. मी एका प्रयोगशाळेत काम करत होतो तेव्हा तीन आठवडे माझ्या कोऱ्या बाटल्याही निळ्या येत होत्या. रसायने बदलली, काच आम्लात बुडवली, माझ्याच हाताच्या घामावर संशय घेतला. शेवटी एका सोमवारी लवकर गेलो आणि दिसले, की सकाळी फरशी पुसायच्या बादलीत जो क्लीनर पडतो त्यातच अमोनिया आहे. तीन आठवड्यांची वही फाडून टाकली.

बाटलीचे खरे दुखणे मात्र क्लीनर नव्हे. पकडताना प्राणी दचकतो आणि जास्त टाकतो. मग बाटलीत त्याला खायला नसते, तासागणिक तो कमी टाकू लागतो. गर्दीने फरक पडतो. भिंतीवरचे जिवाणू अमोनियम खातातही आणि सोडतातही. म्हणजे मोजलेला आकडा बाटलीतल्या प्राण्याचा असतो, समुद्रातल्या प्राण्याचा नव्हे.

दुसरे घराणे आकाराचे. क्लायबरने 1932 मध्ये सस्तन प्राण्यांत दाखवले होते की चयापचय वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. तेच समुद्रात त्सुतोमु इकेडाने प्राणिप्लवकांवर ध्रुवापासून उष्ण कटिबंधापर्यंत तपासले. त्याच्या 1985 च्या लेखाचे सार असे, की श्वसन आणि अमोनिया उत्सर्जनातला बराच फरक अंगाचे वजन आणि पाण्याचे तापमान या दोनच गोष्टी सांगून जातात. दहा अंश तापमान वाढले की दर साधारण दुप्पट. नमुना सापडला की तराजू आणि तापमापक पुरे. समुद्राच्या संगणकी प्रारूपांत आज बरेचदा हेच सूत्र बसलेले असते, आणि कशाला नसावे? सोपे आहे, बहुधा बरोबरही येते. पण उपाशी कॉपेपॉड आणि पोटभर खाल्लेला कॉपेपॉड त्याच्या लेखी एकच.

तिसरे घराणे विकरांचे, आणि पुस्तकाचा जीव तिथे आहे. टेड पॅकर्डने 1971 मध्ये श्वसनाच्या साखळीतल्या विकरांची क्रिया मोजून प्लवकांच्या श्वसनाचा अंदाज बांधायची वाट दाखवली. तोच न्याय नत्राला लावावा, असे बिडिगेर आणि किंग यांना वाटले. त्यांनी 1981 मध्ये प्राउनस फ्लेक्सुओसस या मायसिडमधले जीडीएच मोजून अमोनियम उत्सर्जनाशी ताडून पाहिले, आणि पुढच्या वर्षी मेक्सिकोच्या आखातातल्या प्राणिप्लवकांकडे मोर्चा वळवला. न्यूयॉर्कजवळच्या ग्रेट साउथ बे मध्ये पार्क, कार्पेंटर आणि फाल्कोव्स्की यांनी 1986 मध्ये तसेच काम केले. मग बराच काळ विषय जरा थंड पडला. अलीकडे तो पुन्हा पेटवला कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मास विद्यापीठातल्या गटाने. फर्नांडेस-उरुझोला, पॅकर्ड आणि गोमेझ यांनी 2011 मध्ये लेप्टोमायसिस लिंग्वुरा या मायसिडवर वय आणि उपासमार यांचा परिणाम तपासला. पॅकर्ड चाळीस वर्षांनी त्याच प्रश्नाकडे परत आलेले पाहून बरे वाटते.

या पद्धतीत हाताने करायचे काय असते ते एकदा जवळून पाहू. मायसिड समुद्रातून काढल्याबरोबर द्रव नत्रात गोठवायचा. तिथे त्याचे घड्याळ थांबते, बाटलीतली भूक-भीती सगळी टळते. प्रयोगशाळेत तो बर्फावर ठेवलेल्या काचेच्या नळीत दांड्याने घोटायचा. गुलाबीसर गढूळ रस होतो. थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की टरफले आणि तुकडे तळाशी बसतात, वरचे स्वच्छ पाणी घ्यायचे. त्यात ग्लुटामेट आणि एनएडी हे सहविकर घालायचे. जीडीएच काम करू लागले की एनएडीचे एनएडीएच होते आणि ते 340 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषते. यंत्राच्या पडद्यावर रेघ चढू लागते. चढ जितका उभा तितके विकर जोरात. उलट दिशेनेही मोजता येते: अमोनियम आणि किटोग्लुटारेट (ग्लुटामेटचा नत्र उतरवल्यावर उरलेला सांगाडा) द्यायचे, एनएडीएच संपताना रेघ उतरते. उलटी दिशा भरभर चालते म्हणून पुष्कळांना ती सोयीची वाटते. मला सुलटीच आवडते. प्राणी जे करतो तेच मोजावे, रेघ थोडी आळशी चढली तरी चालेल.

आता खरा वाद. चाचणीत आपण विकराला हवे तेवढे ग्लुटामेट देतो, म्हणून जो आकडा येतो तो जास्तीत जास्त वेगाचा. पेशीत तेवढे ग्लुटामेट कधी असते, कधी नसते. साखर कारखान्याच्या फाटकावर लिहिलेले असते, दैनंदिन गाळप क्षमता 5000 टन. दुष्काळी वर्षात ऊस जानेवारीतच संपतो. पाटी तीच राहते, धुराडे थंड. फाटकावरची पाटी वाचून साखरेच्या पोत्यांचा अंदाज बांधणाऱ्याला आपण हसू. मग जीडीएच मोजून अमोनियम सांगणाऱ्याला काय म्हणावे?

मी एका हंगामात डोलीच्या जाळ्यातून निघालेले जिवंत मायसिड बादलीतून वेचत होतो. शेजारी जवळा वाळवत बसलेल्या कोळीण मावशींनी विचारले, "मास्तर, एवढ्याशा जिवाचं मूत मोजून करता काय?" मी सांगितले ते सांगितले. त्या म्हणाल्या, "मग उपाशी ठेवलात तर कमीच भरणार की." विषयातला सगळा वाद त्यांनी टोपली पालथी घालता घालता संपवला. उपासमारीत उत्सर्जन घसरते. विकर मात्र त्याच वेगाने नाहीसे होत नाही, यंत्रसामग्री एका दिवसात मोडीत निघत नसते. म्हणून उत्सर्जन आणि जीडीएच यांचे गुणोत्तर स्थिर नसते.

काही जण यावरून पद्धतच टाकून देतात. माझे मत उलट आहे. गुणोत्तर हलते, हीच तर माहिती आहे. क्षमता मोठी आणि प्रत्यक्ष उत्सर्जन कमी, तर प्राण्याने काही दिवसांपूर्वी चांगले खाल्ले होते आणि आता अन्न आटले आहे. दोन्ही जवळ आले, तर ऊस फाटकातून येतो तसा गाळला जातो आहे. एकटी बाटली किंवा एकटी पाटी हे सांगू शकत नाही. लास पाल्मासच्या गटानेही केवळ गुणोत्तरावर न थांबता विकराच्या भोवतालच्या ग्लुटामेटचा हिशेब धरणारी, मिखाएलिस आणि मेंटेन यांच्या 1913 च्या गतिसूत्रावर उभी प्रारूपे मांडली आहेत. ऑक्सिजन आणि नत्राचे प्रमाणही सोबत घेतले जाते: प्राणी प्रथिन जाळत असेल तर ते लहान येते, चरबी जाळत असेल तर मोठे.

हे आत्ता का, असे कुणी विचारील. आपल्या दारात अरबी समुद्र आहे. साधारण 150 ते 1000 मीटर खोलीच्या दरम्यान त्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, आणि तिथले जिवाणू नत्राचा वायू करून समुद्रातून कायमचे घालवतात. त्यातल्या एका रस्त्याला, ॲनामॉक्सला, अमोनियम लागते. ते तिथे आणणाऱ्यांत हे छोटे प्राणीही आहेत: रात्री वर येऊन खातात, दिवसा भक्षकांपासून लपायला खोल काळोखात उतरतात, आणि रात्री खाल्लेल्याचे नत्र दिवसा खाली टाकतात. बियांकी आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये हे गणित मांडले. ऑक्सिजनशिवाय, थंड पाण्यात, दमलेल्या प्राण्याचा दर किती, हे बाटलीत मोजणे अवघड. तिथेच गोठवलेल्या नमुन्यातले विकर उपयोगी पडते. त्यातच पावसाळ्याच्या शेवटी ऑक्सिजन संपलेले पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर चढते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या नक्वी आणि सहकाऱ्यांनी ते 2000 मध्ये जगापुढे आणले. त्याच संस्थेतल्या मधुप्रताप यांनी याआधी एक कोडे मांडले होते: अरबी समुद्रात वनस्पतिप्लवकांचे उत्पादन ऋतूप्रमाणे वर-खाली होते, पण प्राणिप्लवकांचे एकूण वजन फारसे बदलत नाही. वजन तेच आणि अन्न बदलते, तेव्हा वजनावरून उत्सर्जन काढणारे सूत्र हमखास फसणार.

आणि कोळंबीची तळी आहेत. पालघर-रायगडकडच्या खाजणांत व्हेनामी पिकवणारे शेतकरी अमोनियाची चाचणीपट्टी रोज पाहतात. दुपारी शेवाळ जोरात असले की पाण्याचा सामू चढतो आणि निरुपद्रवी अमोनियमचा जास्त हिस्सा विषारी अमोनिया होतो. खाणे थांबले की कोळंबीचे उत्सर्जनही घसरते, म्हणून ते खाद्य थांबवतात, आणि बरोबर करतात.

या पुस्तकात मी प्रयोगाच्या पायऱ्या पूर्ण दिल्या आहेत, कारण मराठीत असे वाचून कुणी हात घालावा ही इच्छा आहे. रसायनशास्त्राची बारावीपर्यंतची ओळख पुरेल. सिद्धान्त मांडताना मी विकरांच्या घराण्याकडे झुकलो आहे, हे कबूल. मायसिडवर भर जास्त आहे, कारण ते टाकीत वाढतात आणि त्यांना उपाशी ठेवता येते. कॉपेपॉडवर कमी, क्रिलवर त्याहून कमी. शब्दांबाबत आग्रह धरला नाही. जिथे नत्र चालते तिथे नायट्रोजन लिहिलेला नाही, पण कॉपेपॉडला ओढूनताणून संस्कृत नाव दिलेले नाही. सगळे दर प्रथिनाच्या मिलिग्रॅममागे आणि तासामागे आहेत. जुन्या लेखांतले दर कोरड्या वजनामागे असतात, तुलना करताना ती गल्लत होते.

त्या मावशींचे नाव छापू नये असे त्यांनीच सांगितले. जिवंत मायसिड वेचू द्यायला त्यांची एकच अट होती, की रोज एक वाटा जवळा विकत घ्यायचा. ती मी हंगाम संपेपर्यंत पाळली, आणि आमच्या घरी त्या वर्षी जवळ्याची चटणी एक दिवसही संपली नाही.